कवळीची स्वच्छता आणि तिचा पृष्ठभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवळी रोज साफ करा, असं सगळेच सांगतात. साफ करताना कवळीच्या अंगावर काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पॉलिशसाठी किंवा दुरुस्तीसाठी माझ्या हाती येणाऱ्या कितीतरी कवळ्या घाणीनं नाही, घासण्यानं खराब झालेल्या असतात. वापरणाऱ्यानं रोज, मन लावून, वर्षानुवर्षं घासलेल्या. पाहून जीव हळहळतो, कारण मेहनत खरी असते, साधन तेवढं चुकलेलं असतं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कवळी नेमकी कशाची बनलेली असते?

गुलाबी भाग बहुतेक वेळा पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचा, म्हणजे आपण ज्याला नुसतं अ‍ॅक्रिलिक म्हणतो त्याचा असतो. त्याची पावडर आणि द्रव एकत्र कालवून साच्यात दाबतात आणि गरम पाण्यात ठेवून पक्कं करतात. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे साहित्य कवळ्यांसाठी आलं. त्याआधी गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या कवळ्या असत. त्यांचा रंग हिरडीशी जुळत नसे आणि त्या वास धरत. अ‍ॅक्रिलिकनं दोन्ही अडचणी बऱ्याच दूर केल्या, पण तेही शेवटी प्लास्टिकच आहे.

एकाच कवळीत तीन-चार वेगवेगळे पदार्थ असू शकतात. दात अ‍ॅक्रिलिकचे, कंपोझिटचे किंवा पोर्सिलेनचे असतात, अर्धवट कवळीत कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा सांगाडा आणि हूक असतात, आणि कधी हिरडीकडच्या बाजूला मऊ अस्तर लावलेलं असतं. काही कवळ्या पूर्ण नायलॉनच्या, लवचीक असतात. एकाला मानवणारं द्रावण दुसऱ्याला मानवेलच असं नाही. त्यामुळे पहिली गोष्ट ही, की आपली कवळी कशाची आहे हे दंतवैद्याला विचारून एकदा लिहून ठेवा. खालची बरीच उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

पृष्ठभागाला एवढं महत्त्व कशासाठी?

जंतू तिथेच राहतात म्हणून. कवळी तोंडात घातल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर तिच्यावर बसतो. त्या थरावर आधी जीवाणू येतात, मग बुरशी. जागा गुळगुळीत असेल तर जीभ, लाळ आणि ब्रश मिळून त्यांना हुसकावून लावतात. ओरखड्यात शिरलेले मात्र तिथेच राहतात. मऊ ब्रशचा एक केससुद्धा साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असतो आणि ओरखडा त्याच्या शंभराव्या भागाएवढा असू शकतो. केस तिथे पोहोचतच नाही, तो ओरखड्यावरून नुसता सरकत जातो.

दंतसाहित्याच्या अभ्यासात यासाठी एक आकडा नेहमी वापरतात. पृष्ठभागाचा सरासरी खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरपर्यंत असेल तर त्याहून जास्त गुळगुळीत करून जीवाणूंचं चिकटणं फारसं कमी होत नाही. त्याच्या वर गेला, की चिकटणं वाढत जातं. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतका बारीक फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही नीट कळत नाही.

बुरशीतली मुख्य असते कँडिडा अल्बिकन्स. ती अ‍ॅक्रिलिकला चिवटपणे धरते आणि चिरांमध्ये धागे सोडते. वरच्या कवळीखालचा टाळू लालबुंद होण्याच्या विकारात तिचा मोठा हात असतो. हा विकार अनेकदा दुखत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही.

म्हणून कुठल्याही साफसफाईला मी दोन प्रश्न विचारतो: आज किती घाण निघाली, आणि उद्या घाण चिकटायला किती जागा तयार झाली? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

आतली बाजू बाहेरच्यापेक्षा खरखरीत का लागते? ती नीट केलेली नाही का?

ती तशीच असायला हवी. प्रयोगशाळेत बाहेरची बाजू प्युमिस या दगडाच्या भुकटीनं आणि मग त्याहून बारीक पॉलिशनं चमकवतात. आतल्या बाजूवर तुमच्या हिरडीचा आणि टाळूचा ठसा असतो. ती घासली तर कवळी ढिली होते, म्हणून तिला पॉलिश करत नाहीत. याचा परिणाम असा, की बुरशी सर्वात जास्त आतल्याच बाजूला वाढते आणि तिथे नुसता ब्रश पुरत नाही. भिजवण्याच्या द्रावणाची खरी गरज या बाजूला असते.

टूथपेस्टनं कवळी घासली तर काय बिघडतं? पेस्ट दातांसाठीच तर असते.

दातांसाठी असते, म्हणूनच बिघडतं. पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकासारखे घासून काढणारे कण घातलेले असतात. ते आपल्या इनॅमलला, म्हणजे दातावरच्या कडक कवचाला, झेपतात. कडकपणा मोजायच्या नूप पद्धतीत इनॅमल ३४०च्या आसपास येतं आणि कवळीचं अ‍ॅक्रिलिक २०च्या आसपास. इनॅमलवरून हलकेच फिरणारा कण अ‍ॅक्रिलिकवर नांगर चालवतो.

पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, उलट कवळी छान लख्ख दिसते. मग हळूहळू चकाकी जाते आणि चहा-कॉफीचे, तंबाखूचे डाग पूर्वीपेक्षा लवकर बसू लागतात. डाग दिसला की माणूस जोर लावून घासतो. जोरानं ओरखडे वाढतात आणि ओरखड्यांत पुढचा डाग आणखी घट्ट बसतो. या फेऱ्यात सापडलेल्या कवळ्यांच्या पुढच्या दातांवरची बारीक नक्षी पार पुसून गेलेली मी पाहिली आहे. दात सपाट होतात आणि चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. दात शुभ्र करणाऱ्या पेस्ट आणि कोळशाच्या पावडरी यांच्यापासून तर दूरच राहा. दात घासायची कुठलीही कोरडी पूडही नको.

तुमच्या तोंडात काही खरे दात उरले असतील तर ते पेस्टनंच घासा. कवळी मात्र काढून, वेगळ्या ब्रशनं आणि पेस्टशिवाय.

मग रोज कशानं घासायची?

मऊ ब्रश, कोमट किंवा साधं पाणी आणि सौम्य द्रवरूप साबण. हात धुवायचा साबण चालतो, भांड्यांचा सौम्य द्रव साबणही चालतो. भांडी घासायची पावडर, काथ्या किंवा खरखरीत स्क्रबर कवळीला लावू नका. कवळीसाठी दोन तोंडांचा ब्रश मिळतो. त्याचा मोठा भाग बाहेरच्या बाजूला आणि लहान निमुळता भाग आतल्या खोलगट जागेत वापरायचा. जोर लावू नका, हात फिरता ठेवा. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून किंवा तळाशी ओला टॉवेल अंथरून मगच घासायला घ्या. हातातून निसटून बेसिनवर आपटल्यानं कितीतरी कवळ्या मोडतात.

पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या काय करतात?

या गोळ्यांत अनेक द्रव्यं एकत्र असतात. सोडियम बायकार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल यांची पाण्यात गाठ पडली, की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. परबोरेट किंवा परकार्बोनेट पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं आणि त्यातला ऑक्सिजन डागांवर काम करतो. अनेक गोळ्यांत पोटॅशियम मोनोपरसल्फेट असतं, काहींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, आणि मळ सुटा करणारं साबणासारखं द्रव्य बहुतेकांत असतं. बुडबुडे घाण सैल करतात, पेरॉक्साइड रंग फिका करतं आणि जंतूंची संख्या घटवतं.

गरम पाण्यात पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकवर या गोळ्यांचा वाईट परिणाम टूथपेस्टच्या मानानं बराच कमी असतो. मात्र तो शून्य नाही. महिनोन्‌महिन्यांच्या वापरानंतर कडकपणात, खरखरीतपणात आणि रंगात थोडा बदल नोंदवला गेला आहे, आणि तो गोळीच्या प्रकारानुसार आणि भिजवण्याच्या वेळेनुसार कमी-जास्त होतो. पाकिटावर पाच मिनिटं लिहिलं असेल तर पाचच मिनिटं. रात्रभरासाठी असलेली गोळी वेगळी असते. पाच मिनिटांच्या गोळीत कवळी आठ तास ठेवून दुप्पट स्वच्छता मिळत नाही.

गोळीच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. जंतूंचा जाड थर ती एकटी उखडू शकत नाही. आधी ब्रश, मग गोळी, मग वाहत्या पाण्याखाली पुन्हा ब्रश, हा क्रम पाळला तरच तिचा पूर्ण उपयोग होतो.

गोळ्या वापरायला लागल्यापासून माझी कवळी पांढरट पडली. दोष गोळीचा का?

बहुधा पाण्याचा. "गरम पाण्यात गोळी जास्त चांगलं काम करते" असं ऐकून पुष्कळ लोक कढत पाणी ओततात. कवळीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक पांढरट पडण्याचं हे एक मोठं कारण आहे. प्रयोगशाळेत तपासून पाहिलं तेव्हाही अतिशय गरम पाण्याचा वाटा ठळक दिसला. अ‍ॅक्रिलिक कढत पाण्यात भराभर पाणी शोषतं आणि थंड होताना ते पाणी आत अडकून पृष्ठभाग धुरकट होतो. आपला हात सहज बुडवता येईल इतकंच कोमट पाणी घ्या. आलेला पांढरेपणा घासून जात नाही, तो पृष्ठभागाच्या आत असतो.

ब्लीच वापरावं का? कुणी म्हणतं सर्वात उत्तम, कुणी म्हणतं हात लावू नका.

दोघांचंही खरं आहे, म्हणून याचं उत्तर थोडं सविस्तर देतो.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते नुसतं जंतू मारून थांबत नाही. जंतूंना कवळीवर धरून ठेवणारा चिकट थरही ते विरघळवतं, आणि हे काम बाकीची बरीच द्रावणं त्याच्याइतकं करत नाहीत. टाळूला बुरशी वारंवार होत असेल तर दंतवैद्य ते सुचवतात, ते यासाठीच.

नुकसान होतं ते जास्त तीव्रतेनं आणि जास्त वेळानं. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्के तीव्रतेचं असतं. त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी घातलं, की सुमारे ०.५ टक्के उरतं. कवळीसाठी तेवढं पुरतं. अमेरिकेतल्या कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांच्या (प्रॉस्थोडॉन्टिस्टच्या) संघटनेनं २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अशा द्रावणात कवळी १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. ही मर्यादा सोडून रोज रात्रभर भिजवत गेलात तर गुलाबी रंग उडतो, रंगासाठी अ‍ॅक्रिलिकमध्ये घातलेले बारीक लाल धागे फिके पडतात आणि पृष्ठभागही बिघडतो.

कवळीत धातू असेल तर ब्लीच नको. नायलॉनची असेल तरी नको. मऊ अस्तर असेल तर दंतवैद्याला विचारल्याशिवाय नको. सुगंध किंवा इतर द्रव्यं घातलेलं ब्लीच तर कुठल्याच कवळीला नको. वापर झाल्यावर वाहत्या पाण्याखाली इतका वेळ धुवा, की वास राहणार नाही.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केलं तर दोन्हींचा फायदा मिळेल ना?

कधीही करू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. सायट्रिक आम्ल असलेली फसफसणारी गोळीही ब्लीचच्या पाण्यात टाकू नका. दोन्ही वापरायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी, आणि मधे कवळी आणि भांडं दोन्ही स्वच्छ धुऊन.

कवळीवर दगडासारखा थर बसलाय. तो कसा काढायचा?

ते कीटण. लाळेतल्या कॅल्शियमचे क्षार साचून ते तयार होतं. ते ठरावीक जागी जास्त दिसतं: खालच्या कवळीत पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या कवळीत दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळग्रंथींची तोंडं नेमकी तिथे उघडतात.

पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर हा थर मऊ करतं, कारण अ‍ॅसेटिक आम्लात हे क्षार विरघळतात. अ‍ॅक्रिलिकला त्यानं फारशी इजा होत नाही. पण जंतूंविरुद्ध ते ब्लीचइतकं प्रभावी नाही आणि धातूच्या सांगाड्याला फार वेळ त्यात ठेवणं योग्य नाही. सुरीनं, पिननं किंवा ब्लेडनं खरवडण्याचा मोह आवरा. खरवडून काढलेल्या कीटणाच्या जागी खोल चरे राहतात आणि पुढचं कीटण त्या चऱ्यांत आधी साचतं. जाड थर दंतवैद्याकडे अल्ट्रासोनिक यंत्रात टाकून काढून घ्यावा.

माउथवॉशमध्ये भिजवली तर?

त्यात अल्कोहोल आहे का, ते आधी बघा. अ‍ॅक्रिलिक आणि अल्कोहोल यांचं जुळत नाही. अल्कोहोल पृष्ठभागातून आत शिरतं, रेणूंच्या साखळ्या सैल करतं, आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये बनवतानाच राहून गेलेला ताण बारीक चिरांच्या जाळीतून बाहेर पडतो. उजेडात तिरकं धरलं तर अशी जाळी दिसते. ती एकदा पडली की भरून येत नाही, आणि कवळी पुढे मोडते ती पुष्कळदा अशाच चिरेपासून. स्पिरिटनं पुसणंही त्याच कारणासाठी टाळा. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तर अ‍ॅक्रिलिक सरळ विरघळवतं. कवळी ठेवलेल्या टेबलावर त्याची बाटलीसुद्धा नको.

क्लोरहेक्सिडीनचं तसं नाही. ते चांगलं जंतुनाशक आहे आणि दंतवैद्य ठरावीक दिवसांसाठी देतात. पण ते पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि रोज वापरलं तर कवळीवर तपकिरी डाग आणतं. सांगितलेल्या मुदतीपुरतंच वापरा.

उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये कवळी निर्जंतुक करता येते का?

उकळतं पाणी अजिबात नको. कवळी बनवताना तिला ७४ अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास ठेवून पक्कं केलेलं असतं. पुन्हा तेवढी किंवा त्याहून जास्त उष्णता मिळाली, की आतला ताण सुटतो आणि आकार बदलतो. अर्ध्या मिलिमीटरनं वाकलेली कवळी डोळ्यांना तशीच दिसते, पण हिरडीवर बसत नाही आणि रोज एकाच जागी टोचते.

मायक्रोवेव्हनं बुरशी मरते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. तिथे कवळी पाण्यात बुडवून, ठरावीक वॅटवर, मोजून काही मिनिटं ठेवलेली असते. घरी हे जुळवणं अवघड आहे आणि पुन्हा पुन्हा केलं तर आकार बिघडण्याचा धोका वाढतो. धातू असलेली कवळी मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं धोक्याचंच. दंतवैद्यानं स्वतः सांगितल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

माझ्या कवळीला आतून मऊ अस्तर आहे. त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते का?

हो. कवळीचा सर्वात नाजूक भाग तोच असतो. मऊ अस्तरं मुख्यत्वे दोन प्रकारची असतात. अ‍ॅक्रिलिकच्या अस्तरात मऊपणासाठी प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. ते लाळेत आणि द्रावणांत हळूहळू झिरपून जातं आणि अस्तर कडक होतं. तीव्र द्रावण या झिरपण्याला वेग देतं. सिलिकॉनचं अस्तर जास्त दिवस मऊ राहतं, पण कवळीपासून त्याची कड सुटू शकते आणि त्या फटीत बुरशी शिरते. फसफसणाऱ्या काही द्रावणांनी काही अस्तरांवर बारीक छिद्रं पडतात.

रोजच्या रोज साध्या पाण्यानं, सौम्य साबणानं आणि अगदी मऊ ब्रशनं किंवा बोटानं साफ करा. भिजवायचं कशात, हे अस्तर लावणाऱ्या दंतवैद्यालाच विचारा, कारण त्या अस्तराचं नाव त्यांना माहीत असतं. अस्तर ठरावीक काळानं बदलावंच लागतं. कितीही जपलं तरी ते कवळीइतकं टिकत नाही.

धातूच्या सांगाड्याच्या कवळीला कुठलं द्रावण चालतं?

सौम्य साबण बिनधास्त चालतो. गोळ्यांपैकी ज्यांच्यावर अर्धवट किंवा धातूच्या कवळीसाठी योग्य असं लिहिलेलं असतं त्या घ्या. कोबाल्ट-क्रोम गंजत नाही, कारण त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचं अतिशय पातळ कवच असतं. ब्लीचमधले क्लोरीनयुक्त आयन हे कवच भेदतात. आधी धातू काळपट होतो, मग बारीक खड्डे पडतात. दाताला धरणारे हूक आधीच बारीक असतात, खड्डा पडलेल्या जागी ते वाकता वाकता तुटतात. टायटॅनियमही पूर्ण निर्धास्त नाही: तीव्र अल्कधर्मी पेरॉक्साइडच्या द्रावणात त्याचा रंग बदलू शकतो.

लवचीक कवळीचं काय?

नायलॉन अ‍ॅक्रिलिकपेक्षा मऊ. त्याला चकाकी आणणं कठीण आणि ती टिकवणं त्याहून कठीण. ओरखडे लवकर पडतात, डागही लवकर बसतात. ब्लीच नको, कडक ब्रश नको. उत्पादकानं सुचवलेलं द्रावणच वापरा. चमक गेली तर घरी प्रयोग करू नका, नायलॉनला पॉलिश करायची चाकं वेगळी असतात.

कॉम्प्युटरवर बनवलेल्या नव्या कवळ्या द्रावणांना जास्त दाद देत नाहीत, हे खरं का?

मिल्ड आणि प्रिंटेड यांत फरक आहे. मिल्ड कवळी कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीतून कोरून काढतात. तिच्यात छिद्रं कमी आणि उरलेला मोनोमर (घट्ट न होता राहून गेलेला मूळ द्रव) कमी असतो, त्यामुळे तिचा पृष्ठभाग चांगला टिकतो. थ्रीडी प्रिंटेड कवळी प्रकाशानं घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर एकावर एक चढवून बनते. तिचं बरंचसं यश नंतरच्या प्रकाश-प्रक्रियेवर आणि पॉलिशवर ठरतं. साधारणपणे ती पाणी आणि रंग जास्त ओढते. घरच्या काळजीचे नियम दोन्हींना तेच.

दुरुस्त केलेला भाग बाकी कवळीच्या आधी का काळवंडतो?

दुरुस्ती बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाला आपोआप घट्ट होणाऱ्या अ‍ॅक्रिलिकनं करतात. त्यात मोनोमर जास्त उरतो आणि छिद्रंही जास्त असतात. द्रावणं आणि रंग दोन्ही त्यात लवकर शिरतात. याला इलाज नाही, पण त्या जागी ब्रश हलका ठेवा आणि ब्लीच टाळा.

कवळीचं पॉलिश गेलंय हे घरी कसं ओळखायचं?

कवळी धुऊन, पुसून दिव्याखाली धरा आणि हळूहळू फिरवा. चांगल्या पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब अखंड सरकत जातं. जिथे ते तुटतं, पसरतं किंवा धुरकट होतं तिथलं पॉलिश गेलेलं असतं. चीर असेल तर ती तिरक्या उजेडात केसासारखी चमकते. दुसरी खूण जिभेची: नेहमीची कवळी अचानक चरचरीत लागू लागली तर जीभ सहसा खोटं सांगत नाही.

पुन्हा पॉलिश करून घेता येतं आणि जरूर घ्यावं. काम मोठं नसतं. पण प्रत्येक वेळी थोडं अ‍ॅक्रिलिक जातं, त्यामुळे दर दोन महिन्यांनी पॉलिश हा उपाय नव्हे. आणि घरी गाडीचं किंवा भांड्यांचं पॉलिश लावू नका. असली कवळी घेऊन लोक आले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

एका ठिकाणी वाचतो गोळी सुरक्षित, दुसरीकडे वाचतो गोळीनं पृष्ठभाग बिघडतो. विश्वास कशावर ठेवायचा?

प्रयोग कसा केला ते पाहा. बहुतेक प्रयोग कवळीवर होत नाहीत, अ‍ॅक्रिलिकच्या छोट्या चकत्यांवर होतात. चकत्या द्रावणात बुडवतात, धुतात, पुन्हा बुडवतात, असं शेकडो वेळा करून काही महिन्यांचा वापर काही दिवसांत उभा करतात. मग बारीक सुईच्या यंत्रानं खरखरीतपणा मोजतात, कडकपणा आणि रंगातला फरकही पाहतात. अ‍ॅक्रिलिकचा प्रकार, द्रावणाची तीव्रता, पाण्याचं तापमान, यांतलं काहीही बदललं की निकाल बदलतो. शिवाय चकतीला लाळ नसते, जीभ नसते, चावणं नसतं आणि ब्रशही बहुतेकदा नसतो.

म्हणून एका आकड्याकडे न पाहता कल पाहावा. कल बऱ्यापैकी स्पष्ट आहे: ठरलेल्या तीव्रतेचं द्रावण ठरलेल्या वेळेपुरतं वापरलं तर गरम पाण्यात पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकचं नुकसान थोडं असतं. मऊ अस्तर, नायलॉन आणि दुरुस्तीचं अ‍ॅक्रिलिक यांचं जास्त. आणि कण असलेल्या पेस्टनं जोरात घासणं बहुतेक द्रावणांपेक्षा वाईट.

रात्री कवळी कोरडी ठेवली तर चालेल?

अ‍ॅक्रिलिक आपल्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी धरून असतं आणि त्या पाण्यासकट त्याचा आकार ठरलेला असतो. कोरडी पडली की ते पाणी जातं, कवळी किंचित आकसते, आणि रोज कोरडं-ओलं झाल्यानं पृष्ठभागावर बारीक चिरा पडू शकतात. म्हणून साध्या पाण्यात ठेवा.

कवळी घालून मात्र झोपू नका. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ व्यक्तींच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. हिरड्यांनाही रात्रीची विश्रांती लागते.

कवळी चिकटवायची पेस्ट राहून जाते. त्यावर द्रावण काम करतं का?

नाही. पेस्टचा थर द्रावणाला आत जाऊच देत नाही. आधी कोमट पाण्यात भिजवून ओल्या कापडानं ती पुसून काढा, मग ब्रश, मग द्रावण.

घरातल्या वृद्ध व्यक्तीची कवळी मी साफ करते. आणखी काय सांभाळू?

ज्यांना विसर पडतो त्यांच्या हाती फसफसणारी गोळी लागू देऊ नका. ती औषधाची समजून तोंडात टाकली जाऊ शकते आणि त्यानं तोंड आणि घसा भाजतो. भिजवलेलं पाणीही त्यांच्या उशाशी ठेवू नका, तहान लागली की पेल्यातलं पाणी म्हणून ते पिऊन टाकतील. गोळ्यांतल्या परसल्फेटची काहींना अ‍ॅलर्जी असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००८ मध्ये उत्पादकांना तसा इशारा वेष्टनावर द्यायला सांगितलं होतं. हिरडीला सूज, पुरळ किंवा श्वासाला त्रास झाला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. कवळी तोंडात घालण्याआधी प्रत्येक वेळी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, घाई असली तरी.

कवळी ठेवायचा डबा किती दिवसांनी धुवावा?

रोज. त्यातलं पाणीही रोज बदला. डब्याच्या भिंतीला हात लावून पाहा. बुळबुळीत लागली तर तो जंतूंचाच थर आहे आणि रात्री साफ करून ठेवलेली कवळी सकाळी तो अंगावर घेऊन बाहेर येते. साबण आणि ब्रशनं डबा आतून घासा, पाणी निथळून तो दिवसभर उघडा वाळू द्या, आणि त्यावर ओरखडे दिसू लागले की नवा घ्या.